दादाचं सगळं बघतो, पण धाकटीचं कोण बघणार?

मागच्या महिन्यात या पानावर आपण दिव्यांग मुलांच्या शाळाप्रवेशाबद्दल बोललो होतो, आणि त्यावर आलेल्या पत्रांमध्ये एक गोष्ट मला सारखी दिसत राहिली. पानभर त्या मुलाबद्दल लिहून झालं की शेवटी दोन ओळी, 'अजून एक मुलगी आहे, गुणी आहे, तिचा काही त्रास नाही.' २०११च्या जनगणनेत आपल्या राज्यात सुमारे २९ लाख ६० हजार दिव्यांग व्यक्ती मोजल्या गेल्या, आणि त्यातल्या लहान मुलांच्या कितीतरी घरांत असा 'काही त्रास नसलेला' भाऊ नाहीतर बहीण आहे. म्हणून हे अख्खं पान यावेळी त्यांच्यासाठी. नावं कुणाचीच छापलेली नाहीत.

प्रश्न : ताई नमस्कार. आम्ही कराडजवळ राहतो. मोठा मुलगा ९ वर्षांचा, त्याला सेरेब्रल पाल्सी आहे, चालता येत नाही आणि मधूनमधून फिट येते. धाकटी ६ वर्षांची, पहिलीत. सगळे म्हणतात किती शहाणी पोर, आपलं आपण आवरते, दादाचं ताट पण उचलते. पण दोन महिने झाले रोज शाळेच्या वेळेला पोटात दुखतं म्हणते, डॉक्टरांनी सोनोग्राफी करून बघितली, काही निघालं नाही. रात्री अंथरूण ओलं करायला लागलीय, जे तीन वर्षांची असतानाच बंद झालं होतं. आणि परवा गॅदरिंगच्या दिवशी तिने दादाचे स्प्लिंट (पायांना बांधायचे आधार) कपाटामागे टाकून दिले, आम्ही शोधत बसलो, त्याची फिजिओ बुडाली आणि तिच्या डान्सलाही उशीर झाला. मी रागाच्या भरात एक ठेवून दिली. इतक्या आजारी भावाचा हिला हेवा कसा वाटू शकतो?
– एक आई

उत्तर : सगळ्यात आधी पोट. तिचं पोट खरंच दुखतंय, ती नाटक करत नाहीये, मनावरचा ताण लहान मुलांच्या पोटात आणि डोक्यात दुखतो आणि ते दुखणं सोनोग्राफीत दिसत नाही म्हणून खोटं नसतं. अंथरूण ओलं होणं पुन्हा सुरू झालंय त्याचं मात्र एकदा डॉक्टरांना वेगळं सांगा, लघवीची तपासणी आणि रक्तातली साखर बघून घ्या, शौचाला कडक होतं का तेही सांगा, कारण लघवीचं इन्फेक्शन, बद्धकोष्ठता किंवा क्वचित डायबेटिस यानेही असं होतं. तहान खूप लागत असेल, वजन उतरत असेल तर ही तपासणी लांबवू नका. ते सगळं नॉर्मल आलं की मग पुढचं.

आता तुम्ही विचारलंय हेवा कसा वाटू शकतो. वाटू शकतो हो. सहा वर्षांच्या मुलीच्या जागेवरून बघा जरा, तिला सेरेब्रल पाल्सी दिसत नाही, तिला दिसतं ते असं की रोज चार ते सहा आई दादाचे पाय हातात घेऊन बसते, त्याच्याशी बोलते, गाणं म्हणते, त्याने हात थोडा जरी उचलला तरी घरात टाळ्या वाजतात, आणि तिने स्वतःची वेणी स्वतः घातली तर 'हां, छान' एवढंच. आणि मग तिला कळतं की या घरात कुणाचं तरी दुखलं की सगळे धावतात. हे ती मुद्दाम ठरवून करत नाही. आणि स्प्लिंटचं तर तुम्हीच लिहिलंय, गॅदरिंगचा दिवस होता. स्प्लिंट नसले की फिजिओ नाही, फिजिओ नाही की आई मोकळी, आई मोकळी म्हणजे आई पहिल्या रांगेत. मला तर त्या पोरीने हे सगळं स्वतःशी कसं जुळवलं असेल या विचाराने भरून आलं.

चापट मारली त्याबद्दल तिला सांगा, 'मी तुला मारलं ते चुकलं, मी खूप घाबरले होते.' एवढंच. त्याच्यामागे 'पण तू पण...' जोडू नका.

मग तिला खरं सांगा. मी अनेक घरांत बघते की मोठी माणसं डॉक्टर, थेरपी, सर्टिफिकेट यावर तासन् तास बोलतात आणि त्याच खोलीत बसून चित्र काढणाऱ्या पोरीला कुणीच काही सांगितलेलं नसतं, तिने अर्धवट ऐकून स्वतःचंच काहीतरी ठरवलेलं असतं. या वयात मुलांना वाटतं की आपण मनात आणलं म्हणून गोष्टी घडतात, 'दादा नको' असं एकदा मनात आलं आणि त्याच रात्री त्याला फिट आली तर ती ते स्वतःवर घेते, आणि असं कुणाला सांगायचं नसतं हेही तिला कळतं. तर असं काहीतरी सांगा, तुमच्या शब्दांत : 'दादा बाळ होता तेव्हा त्याच्या मेंदूला इजा झाली. मेंदू हातापायांना निरोप पाठवतो, दादाचे निरोप नीट पोचत नाहीत म्हणून त्याचे पाय ताठ होतात. हे कुणामुळे झालं नाही, तुझ्यामुळे तर अजिबात नाही. सर्दीसारखं लागत नाही, तुला होणार नाही. ते पूर्ण जाणार नाही, पण व्यायाम केला की पाय कमी आखडतात, म्हणून आपण रोज करतो.' एकदा सांगून होत नाही, सात वर्षांची झाली की परत विचारेल, दहाव्या वर्षी वेगळं विचारेल. आणि 'दादा लवकर बरा होईल' असं काही सांगू नका, ती वाट बघत बसते.

फिटचंही तसंच. घरात फिट आली की पळापळ होते, धाकटीला शेजारी पाठवतात, आणि तिकडे शेजारच्या काकूंच्या घरी टीव्हीसमोर बसून ती दादा आता मेला का याचा विचार करत असते, तिला परत आणल्यावर कुणी सांगतही नाही की तो आता झोपलाय आणि ठीक आहे. म्हणून शांत वेळी बसून तिला प्लॅन सांगून ठेवा. फिट आली तर तिने फक्त मोठ्याने हाक मारायची, बास, तिचं काम तिथे संपलं. पुढचं मोठ्यांचं, त्याला कुशीवर वळवायचं, आजूबाजूचं टोकदार सामान बाजूला करायचं, तोंडात काही घालायचं नाही, आवळून धरायचं नाही, कांदा किंवा चप्पल हुंगवायची नाही (हे अजून सर्रास चालतं आपल्याकडे म्हणून लिहिलं), पाच मिनिटांच्या वर गेली तर १०८. आणि रात्री दवाखान्यात जायची वेळ आली तर ती कुणाकडे झोपणार, सकाळी शाळेत कोण सोडणार, आई फोन कधी करणार, हे तिला आधीच माहीत असू दे. मोठ्या माणसाला क्षुल्लक वाटेल पण तिची अर्धी रात्र याच काळजीत जात असणार.

वेळेबद्दल. तुमच्याकडे वेळ नाही हे मला दिसतंय, म्हणून रविवारी तिला कुठे फिरायला न्या असं मी म्हणणार नाही. रोज १५ मिनिटं, ठरलेल्या वेळी, मोबाइल दुसऱ्या खोलीत, आणि काय करायचं ते तिने ठरवायचं. सागरगोटे खेळायचे तर सागरगोटे, नुसतं लोळायचं तर लोळायचं. या पंधरा मिनिटांत दादाचा विषय तुम्ही काढायचा नाही, अभ्यासाचाही नाही. ही वेळ ती शहाण्यासारखी वागली म्हणून मिळालेलं बक्षीस नको आणि ती वाईट वागली म्हणून काढून घ्यायचीही नाही, हे महत्त्वाचं, कारण ज्या दिवशी ती सगळ्यात वाईट वागेल त्या दिवशी तिला ती सगळ्यात जास्त लागणार आहे. दादाचा व्यायाम बाबांनी नाहीतर आजीने शिकून घ्यावा आणि आठवड्यातून दोन दिवस करून घ्यावा, फिजिओ करणाऱ्या ताईंना सांगितलं तर त्या शिकवतात. बाबांची शिफ्ट असते, आजीचे गुडघे दुखतात, सगळं खरं, तरी दोन दिवस निघतात. धाकटीला हवं तर तिने बॉल धरावा, नको तर नको. तिला छोटी थेरपिस्ट करू नका.

घरात एक कप्पा तिचा असू दे, किल्लीवाला असला तर उत्तम, ज्यातल्या वस्तू दादाला द्यायला लागणार नाहीत. त्याने तिचं काही मोडलं तर 'त्याला कळत नाही गं' म्हणून सोडून देऊ नका, ती वस्तू भरून द्या, आणि त्याच्याकडूनही जमेल तेवढं करून घ्या, मानेने का होईना सॉरी म्हणू दे. त्याला काहीच कळत नाही असं धरून चालणं हा त्याच्यावरही अन्याय आहे. पुढच्या गॅदरिंगला दोघांपैकी एकाने पहिल्यापासून शेवटपर्यंत फक्त तिच्यासाठी बसायचं, आणि दादा प्रत्येक वेळी बरोबर असायलाच हवा असं नाही.

आणि ती कधी 'मला दादा आवडत नाही' म्हणाली तर 'असं बोलू नये, देव रागावतो' म्हणू नका प्लीज. 'आज त्याचा राग आलाय ना तुला? काय झालं सांग' असं विचारा. राग बोलून दाखवता आला तर स्प्लिंट लपवायची वेळ कमी येते. मारायचं मात्र कुणीच कुणाला नाही, हा नियम दोघांना सारखा.

वर्गशिक्षिकांना घरची परिस्थिती सांगून ठेवा. तीन-चार आठवड्यांत पोटदुखी कमी झाली नाही, शाळेत जायलाच तयार नसेल, खाणं-झोप बिघडली तर बालमानसतज्ज्ञांना दाखवा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली बऱ्याच जिल्हा रुग्णालयांत डीईआयसी नावाचं, मुलांच्या वाढीतल्या अडचणी लवकर ओळखून उपचार करणारं केंद्र असतं, दादासाठी तिथे गेला असाल कदाचित, तिथे मानसतज्ज्ञांची सोय आहे का विचारा, आणि यावेळी तिला घेऊन जा. आणि तुम्हाला स्वतःला बोलावंसं वाटलं तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर फुकट आहे, रात्रीबेरात्री लागतो, मराठीत बोलता येतं. तुमच्या पत्रात तुमच्याबद्दल एकच वाक्य होतं आणि ते मारल्याचं होतं, म्हणून हे सांगितलं.

प्रश्न : मी नाशिकचा, वय ७१. माझी मोठी नात ८ वर्षांची, तिला डाउन सिंड्रोम आहे. नातू साडेचार वर्षांचा. आम्ही त्याला लहानपणापासून सांगत आलो की ताई देवाघरचं फूल आहे आणि तुला देवाने तिला सांभाळायलाच पाठवलंय. सूनबाईंना हे आवडत नाही, त्यावरून घरात कुरबुर होते. यात चूक काय आहे?
– एक आजोबा

उत्तर : आजोबा, नमस्कार. तुमची नातीवरची माया पत्राच्या अक्षराअक्षरात दिसते. पण सूनबाईंचं मला पटतं. 'देवाघरचं फूल' ऐकून साडेचार वर्षांच्या मुलाला काय कळेल हो? देवाघरी गेलेली माणसं परत येत नाहीत हे त्याने कुठेतरी ऐकलेलं असतं, मग ताई कधी जाणार, असं त्याच्या डोक्यात येऊ शकतं. आणि तुला सांभाळायलाच पाठवलंय हे वाक्य तर फारच जड आहे. ते ऐकत मोठं झालेलं मूल स्वतःचं काही मागताना अपराध्यासारखं मागतं, परगावी शिकायला जायचं म्हटलं तरी घाबरतं. तो आधी तुमचा नातू आहे, खोड्या करणारा, हट्ट करणारा, तो स्वतःसाठी जन्माला आलाय.

त्याला साधं सांगा : ताईला बोलायला, शिकायला जास्त वेळ लागतो. ती जन्मली तेव्हापासून तिचं शरीर थोडं वेगळं आहे, याला डाउन सिंड्रोम म्हणतात. तो मोठा झाला की सांगता येईल की शरीराच्या पेशींमध्ये २१व्या गुणसूत्राची एक प्रत जादा असते त्यामुळे हे होतं, आणि बहुतेक वेळा ते आईवडिलांकडून आलेलं नसतं. (हे घरातल्या मोठ्यांनीही नीट ऐकून ठेवावं, कुणाच्या माहेरचं-सासरचं काढायची गरज नाही.)

अजून एक गोष्ट आत्ताच सांगून ठेवते कारण तुमच्या घरी ती वेळ आता येणारच. नातू लवकरच ताईच्या पुढे जाईल. वाचायला आधी लागेल, सायकल आधी चालवेल, नाक्यावरून सुट्टे पैसे मोजून दूध आणेल. धाकटा असून मोठा झाल्यासारखं त्याला वाटेल आणि त्याचा त्यालाच गोंधळ होईल. अशा वेळी घरातले लोक ताईला वाईट वाटेल म्हणून त्याचं कौतुकच गिळून टाकतात, हळू आवाजात करतात. तसं करू नका, त्याचं त्याला पूर्ण मिळू द्या, ढोल वाजवून. आणि ताईला मोठी बहीण राहू द्या, राखी तिनेच बांधायची, प्रसाद तिनेच वाटायचा, त्याचा डबा भरायला तिची मदत घ्यायची, जमेल तसं.

तुमच्याकडे वेळ आहे आणि गोष्टी आहेत, या घरात सध्या याच्याइतकं मोलाचं दुसरं काही नाही. आठवड्यातून दोन संध्याकाळी एकट्या नातवाला घेऊन गोदाकाठी जा, भेळ खा. सूनबाई तेवढा वेळ नातीबरोबर, म्हणजे नातीलाही आई एकटीला मिळेल.

प्रश्न : मी नववीत आहे, ठाण्याला राहते. माझ्या भावाला ऑटिझम आहे, तो ११ वर्षांचा आहे. तो हात फडफडवतो, मोठ्याने एकच शब्द बोलत राहतो. यावर्षी सोसायटीच्या गणपतीत तो ओरडायला लागला आणि मुलं त्याची नक्कल करत होती, तेव्हा मी लांब उभी राहिले, जसं काही मी त्याला ओळखतच नाही. रात्री मी खूप रडले. मी वाईट आहे का? मी मैत्रिणींना घरी बोलवत नाही. त्याने माझी सायन्सची जर्नल सबमिशनच्या आदल्या दिवशी फाडली तेव्हा आई म्हणाली तू मोठी आहेस, समजून घे. बाबा सारखे म्हणतात आता आमच्या सगळ्या आशा तुझ्यावर. हे माझ्या आईबाबांना कळू देऊ नका.
– एक मुलगी

उत्तर : तू वाईट नाहीस. नक्कल करणाऱ्या घोळक्यासमोर एकटीने उभं राहणं मोठ्या माणसांनाही जमत नाही, तू चौदा वर्षांची आहेस. त्या क्षणी तुझी लाज आणि तुझं प्रेम दोन्ही खरी होती, लाज वाटली म्हणून प्रेम खोटं ठरत नाही. आणि खरं सांगू का, तिथे पुढे जायचं काम तुझं नव्हतंच, तिथे जे काका-मावशी खुर्च्यांवर बसून बघत होते त्यांचं होतं, त्यांच्यापैकी एकाने जरी त्या मुलांना हटकलं असतं तरी पुरलं असतं. हे वाचणाऱ्या सोसायट्यांच्या कमिटीवाल्यांनी कृपया लक्षात घ्यावं.

तो का ओरडला असेल ते तुला माहीत असेल कदाचित, तरी सांगते. ऑटिझम असलेल्या कितीतरी मुलांना आवाज, लाइट, गर्दी आपल्यापेक्षा कितीतरी पटीने जास्त लागते, ढोल-ताशा आणि डीजे म्हणजे त्याच्यासाठी कानात दुखणंच. पुढच्या वर्षी सकाळच्या, कमी गर्दीच्या आरतीला तो गेला आणि कानांवर हेडफोन असले तर बरंच सोपं जाईल, हे आईबाबांना सुचवता येईल.

मैत्रिणींसाठी एक छोटं वाक्य तयार ठेव, तुझ्या तोंडात बसेल असं. 'माझ्या भावाला ऑटिझम आहे, आवाज वाढला की त्याला त्रास होतो म्हणून तो असं करतो.' संपलं. पुढचे प्रश्न आले तर उत्तर दे किंवा देऊ नको, तू काही त्याची माहिती-खिडकी नाहीस. सगळ्यांना सांगायलाही नको, आधी एकच मैत्रीण निवड, जी दुसऱ्यांबद्दल तुझ्याकडे चहाड्या करत नाही अशी, आणि तिला एकदा घरी बोलव, तो शाळेत असताना बोलवलंस तरी चालेल. हळूहळू तो असतानाही जमेल. कुणी नक्कल केली तर 'हे मला आवडलं नाही' एवढं म्हणून निघून यायचं, भांडत बसायचं की नाही ते तुझ्या त्या दिवसाच्या ताकदीवर.

जर्नलचं मात्र मला तुझ्याइतकंच वाईट वाटलं. आठवडे घालून केलेलं काम होतं ते. तुझ्या वह्या-पुस्तकं तो पोचणार नाही अशा कुलुपाच्या कपाटात असायला हव्यात आणि तुला अभ्यासाला दार लागणारी जागा हवी, घरात नसेल तर जवळपासची अभ्यासिका किंवा मैत्रिणीचं घर. हे मागणं स्वार्थीपणाचं नाही.

तुझ्या बाबांच्या वाक्याबद्दल. ते प्रेमाने म्हणतात हे तुलाही माहितीये पण त्याचं ओझं किती होतं हे त्यांना माहीत नाही, कारण तू कधी बोलली नाहीस. तू म्हणतेस त्यांना कळू देऊ नका, ठीक आहे, मी कळवणार नाही. पण एखाद्या दिवशी तो झोपल्यावर तुला जमलं तर सांग, तोंडाने नाही जमलं तर व्हॉट्सॲपवर लिही, की मला भीती वाटते, मला कमी मार्क पडले तर काय. भावाच्या डॉक्टरांकडे किंवा थेरपिस्टकडे एकदा तूही जा आणि तुझे स्वतःचे प्रश्न विचार. शाळेत काउन्सेलर असतील तर त्यांच्याकडे जा. फारच कोंडल्यासारखं झालं तर १४४१६ तुझ्यासाठीही आहे.

आणि इतर पालकांसाठी एक, कारण हे फक्त या मुलीचं नाही. घरी पाहुणे आले की दिव्यांग मुलाला आतल्या खोलीत नेऊन बसवायचं, फोटोत घ्यायचं नाही, पुढे मुलीची स्थळं बघताना भावाचा विषयच काढायचा नाही, हे सगळं बघत मुली मोठ्या होतात. लपवायला त्यांना आपणच शिकवतो आणि मग एक दिवस ती लांब उभी राहिली की तिलाच रडू येतं.

प्रश्न : मी सोलापूर जिल्ह्यात विशेष शाळेत शिक्षिका आहे. भावंडांसाठी शाळेत काही करता येईल का? आमच्याकडे फंड नाही.
– एक शिक्षिका

उत्तर : बाई, नक्की करता येईल आणि फंड फारसा लागत नाही. अमेरिकेत सिएटल भागात डॉन मेयर यांनी १९८०च्या दशकात 'सिबशॉप' सुरू केलं, साधारण ८ ते १३ वर्षांच्या भावंडांसाठी, आणि ते आता बऱ्याच देशांत चालतं. त्यात भाषण नसतं, मुलं खेळतात, एकत्र काहीतरी बनवून खातात आणि मध्येमध्ये आपल्या भावा-बहिणीबद्दल बोलतात, चांगलंही आणि वैतागलेलंही.

तुम्ही महिन्यातला एक रविवार घ्या, सात-आठ मुलं पुरे. लगोरी, खो-खो, मग सगळ्यांनी मिळून भेळ किंवा सँडविच. मग गोल करून एखादाच प्रश्न, 'भावामुळे नाहीतर बहिणीमुळे कधी पंचाईत झाली सांगा बघू', आणि तिथे मुलं एकमेकांचं ऐकून जी खदखदून हसतात ना, ते हसू त्यांना घरात करता येत नाही. ज्याला बोलायचं नाही त्याने नुसती भेळ खावी. पालक बाहेर. तिथे ऐकलेलं तुम्ही घरी सांगायचं नाही, फक्त कुणी स्वतःला इजा करायचं बोललं किंवा घरी मारहाण होतेय असं कळलं तर सांगावंच लागेल आणि हे मुलांना सुरुवातीलाच सांगून टाकायचं. त्या दिवशी भावंडांना खुर्च्या उचलायला, लहान मुलांना सांभाळायला लावू नका, आपल्या गॅदरिंगमध्ये नेमकं तेच होतं.

प्रश्न : मी नागपूरचा. मुलगी १७ वर्षांची, तिला बौद्धिक दिव्यांगत्व आहे. मुलगा ११ वर्षांचा. परवा जेवताना तो अचानक म्हणाला, 'तुम्ही मेल्यावर ताई माझ्याकडे राहणार ना? मग मी लग्न नाही करणार.' आम्ही विषय बदलला. एवढ्या लहान मुलाशी यावर बोलावं का?
– एक वडील

उत्तर : बोलावंच लागेल दादा, कारण तो बोलायला लागलाय, तुम्ही विषय बदललात म्हणजे त्याने विचार थांबवला असं नाही, तो आता एकटा करतोय. त्याला जवळ घेऊन सांगा की ताईचं पुढे काय हा प्रश्न आई-बाबांचा आहे, आम्ही त्यावर काम करतोय, आणि तुला आत्ता काहीही कबूल करायची गरज नाही. लग्न कर, नको करू, मुंबईला जा, परदेशात जा, ते तुझं तू ठरव. आणि हे म्हणताना ते खरं असू द्या, म्हणजे काम खरंच सुरू करा.

बऱ्याच पालकांना माहीत नसतं की मूल १८ पूर्ण झालं की कायद्याने ते सज्ञान, मग आईवडीलही आपोआप कायदेशीर पालक राहत नाहीत. १९९९च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगत्व आणि बहुदिव्यांगत्व असलेल्यांसाठी कायदेशीर पालक नेमता येतो, त्यासाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली स्थानिक स्तर समिती असते, तिच्याकडे अर्ज करायचा. पहिले पालक तुम्हीच होऊ शकता. मुलगी १७ची आहे म्हणजे कागदपत्रं आत्ताच गोळा करायला घ्या, दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र, यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र), आधार, जन्मदाखला. याच न्यासाची निरामय आरोग्य विमा योजना आहे, १ लाख रुपयांपर्यंत कव्हर, काढली नसेल तर काढा. मृत्युपत्र करा, ट्रस्ट करायचा का ते वकिलाला विचारा. नुसती मुलाच्या नावावर सगळी प्रॉपर्टी करून 'तो बघेल' यावर सोडू नका, त्यात मुलगी पण अडकते आणि मुलगा पण.

एक वही करा, ताईची वही. ती सकाळी काय खाते, कशाला घाबरते, कुठलं औषध किती वाजता, चिडली की कसं शांत होते, डॉक्टर कोण, बँकेचं काय कुठे. ही वही उद्या मुलाच्या हातात पडली काय किंवा एखाद्या वसतिगृहातल्या ताईंच्या हातात पडली काय, उपयोगी पडेलच. निवासी संस्था आत्तापासून हिंडून बघा, राष्ट्रीय न्यासाच्या समर्थ आणि घरौंदा योजनांखाली चालणारी केंद्रं आहेत, तुमच्या जवळचं कुठलं आणि ते कसं चालतं हे प्रत्यक्ष जाऊनच कळतं. बहिणीला संस्थेत ठेवलं म्हणजे भावाने टाकलं असं आपल्याकडे पटकन म्हणतात, नातेवाईकांसमोर हे तुम्ही स्वतः, तुमच्या हयातीत, स्पष्ट बोलून ठेवलंत तर उद्या ते त्याला ऐकावं लागणार नाही.

तो १८-२० वर्षांचा झाला की मग त्याला खरंच विचारा. ताईला एका घरात ठेवून घेणं, तिच्या पैशाच्या कागदांवर सही करणं आणि दर रविवारी तिला भेटायला जाणं, या तीन वेगळ्या गोष्टी आहेत, एखादा भाऊ तिन्ही करेल, एखादा एकच करेल. तो जे म्हणेल ते धरून तुमचा प्लॅन तुम्ही बदलायचा. तोपर्यंत आज संध्याकाळी त्याच्याशी बोला, आणि जिल्हाधिकारी कार्यालयात अर्ज द्यायला जाल तेव्हा घरी येऊन त्याला सांगा की ताईच्या कामासाठी गेलो होतो, झालं ते.